दृश्य जाणीव आणि तिचे आत्मपरीक्षण : मेंदू-उद्दीपनाच्या प्रयोगांची एक चिकित्सा

प्रस्तावना :
समोरील वस्तू ओळखणे आणि आपण ती बरोबर ओळखली की नाही याचा अचूक अंदाज घेणे, या दोन भिन्न क्षमता होत. १९८५ मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी कवटीबाहेरून चुंबकीय स्पंदांद्वारे मेंदू उद्दीपित करण्याचे तंत्र सिद्ध केले. त्यामुळे मेंदूच्या विशिष्ट भागाचे कार्य तात्पुरते बदलून परिणाम तपासणे शक्य झाले. या तंत्राच्या आधारे दृश्य जाणिवेविषयी काढलेल्या निष्कर्षांची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रयोग आणि वाद :
रौनिस, लाऊ आदींनी २०१० मध्ये मेंदूच्या पूर्वललाट भागास दोन्ही बाजूंनी उद्दीपन दिले. कोणती आकृती कोणत्या बाजूस होती हे सांगून ती 'स्पष्ट' दिसली की 'अस्पष्ट', असे प्रयुक्तांना विचारण्यात आले. ओळखण्याची अचूकता समान राखूनही हा शेरा आणि उत्तराचा बरोबरपणा यांतील मेळ उद्दीपनानंतर घटला. २०१७ मध्ये बोर, सेठ आदींना मात्र असा परिणाम आढळला नाही. काही प्रयुक्तांना वगळल्याने परिणाम टिपण्याची सांख्यिकीय क्षमताच उणावते, असा आक्षेप रुबी व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्यावर घेतला. त्याच वर्षी शेखर व राहनेव यांना पूर्वललाटाच्या वरच्या-बाजूच्या भागाच्या उद्दीपनाने प्रयुक्तांची खात्री कमी झालेली आढळली; अग्रभागाच्या उद्दीपनाने आत्मपरीक्षणाची क्षमता वाढली, पण तीही प्रयोगखंडांच्या उत्तरार्धातच.

चिकित्सा :
हा वाद प्रामुख्याने संख्याशास्त्राच्या अंगाने झाला. मूळ अडचण मात्र प्रश्नाच्या शब्दांत आहे. 'मला स्पष्ट दिसले' हे अनुभवाचे वर्णन आहे. 'माझे उत्तर बरोबर असल्याची खात्री आहे' हा त्या अनुभवावरील निवाडा आहे. २०१० च्या प्रयोगात पहिला प्रश्न विचारून दुसऱ्याचे मापन केले गेले. मेळ घटला म्हणजे दृश्य अंधुक झाले, की 'स्पष्ट' या शब्दाचा निकष ढळला, हे त्यातून ठरत नाही. एखाद्या विद्यार्थ्याचे गुण तेवढेच राहिले, पण आपली कोणती उत्तरे बरोबर आहेत हे त्याला सांगता येईना, तर त्याचे विषयज्ञान घटले असे कोणताही परीक्षक म्हणणार नाही.

समारोप :
पूर्वललाट भाग आत्मपरीक्षणाशी निगडित असल्याचे या प्रयोगांतून सूचित होते. तो दृश्य जाणिवेचे अधिष्ठान आहे, हे मात्र सिद्ध होत नाही. मराठी भाषिक प्रयुक्तांवर असे संशोधन करताना 'दिसणे' आणि 'खात्री असणे' यांविषयीचे प्रश्न स्वतंत्रपणे विचारणे अगत्याचे आहे. अन्यथा भाषेतील संदिग्धता मेंदूचा गुणधर्म म्हणून नोंदली जाईल.