कुलाब्याचा आकडा

सौर वादळांवरचा कोणताही लेख उघडा, त्यात १६०० हा आकडा हमखास भेटतो. २ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळला. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर पांढरी झळाळी पाहिली होती. त्या उद्रेकाचा तडाखा साडेसतरा तासांत पृथ्वीवर पोचला. हा इतिहास खरा आहे. त्या आकड्याचा वापर ज्या रीतीने होतो, तिच्याबद्दल माझी तक्रार आहे.

कुलाब्याचे निरीक्षक टांगलेल्या चुंबकाची स्थिती डोळ्यांनी वाचत. रात्रंदिवस तासाला एक नोंद. चुंबक अस्वस्थ दिसला की दर पंधरा मिनिटांनी, कधी पाच मिनिटांनी. त्या तत्परतेमुळेच ही घसरण हाती लागली. म्हणजे १६०० ही काही मिनिटांची खोली आहे. आज वादळाची तीव्रता ज्या निर्देशांकाने मोजतात, तो चार वेधशाळांच्या नोंदींवरून काढलेली तासाची सरासरी असतो. मार्च १९८९च्या वादळात तो उणे ५८९पर्यंत गेला, मे २०२४मध्ये उणे ४००च्या आसपास. या आकड्यांशेजारी १६०० ठेवला की कॅरिंग्टनचे वादळ १९८९च्या जवळजवळ तिप्पट ठरते. कुलाब्याच्याच नोंदींची तासाची सरासरी काढली, तर घसरण नऊशेच्या आसपास येते. तिप्पट उरते ती दीडपट. तीही एकाच वेधशाळेची.

दुसरी शंका अधिक वजनदार आहे. घसरण मुंबईतल्या दुपारच्या सुमाराला झाली आणि क्षेत्र फार लवकर सावरले. पृथ्वीभोवतीचा विद्युत्भारित कणांचा वलयप्रवाह इतक्या झपाट्याने ओसरत नाही. त्सुरुतानी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली या नोंदी जगापुढे आणल्या, तेव्हा त्यांनी सगळी घसरण वलयप्रवाहाची मानली. ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्यातले प्रवाह त्या दिवशी दक्षिणेकडे सरकले असावेत, असे नंतरच्या काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. मला ते पटते.

मग धोका कमी होतो का? नाही. वीजवाहिन्यांत प्रवाह उपजतो तो क्षेत्र किती वेगाने बदलते त्यावर. १९८९मध्ये क्वेबेकचे ग्रिड दीड-दोन मिनिटांत कोलमडले आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. या प्रश्नासाठी कुलाब्याच्या पाच मिनिटांच्या नोंदीच मोलाच्या. तिथे तासाची सरासरी निरुपयोगी. उलट फेब्रुवारी २०२२मध्ये वादळ मामुली होते, तरी वरचे वातावरण फुगले आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ गमावले. तीव्रतेच्या श्रेणीवरून हे कोणी ओळखले असते?

भाकितांची खरी अडचण आणखी वेगळी आहे. सूर्यावरून निघालेला ढग आपल्याकडे येतोय हे एक-दोन दिवस आधी कळते. पण त्यातले चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल तरच तो मोठे वादळ उठवतो, आणि ती दिशा सूर्याकडे पाहून भरवशाने सांगता येत नाही. ती मोजली जाते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, एल-१ बिंदूपाशी. तिथून ढग यायला अर्धा-पाऊण तास लागतो. जानेवारी २०२४पासून आपले आदित्य-एल१ तिथेच फिरते आहे, चुंबकमापक घेऊन. ‘उद्या महावादळ’ असे मथळे छापले जातात तेव्हा ढग त्या बिंदूपाशी पोचलेलाही नसतो. पोचल्यावर दिशा उत्तरेची निघाली, की दुसऱ्या दिवशी त्या मथळ्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.