मुंबई पाहायची की नाही: आर्वीहून एक वाचन

मुंबईत खोली कशी मिळवायची, चाळीतल्या नळावर कसं भांडायचं, संपात चूल कशी विझते, फुटपाथवर रात्र कशी काढायची, हे सगळं मराठी साहित्याने आपल्याला सांगून ठेवलं आहे. नुसती बघायला म्हणून मुंबईला जावं की नाही, एवढंच ते सांगत नाही.

आर्वीत बसून हा प्रश्न पडतो तेव्हा तो अगदी साधा असतो. दिवाळीनंतरचे चार दिवस मोकळे आहेत, खिशात बेताचे पैसे आहेत, वर्ध्याहून रात्रीची गाडी आहे. जायचं का? घरी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "तिथं पाहाचं काय आहे बावा? गर्दी?" मोबाइलला विचारलं तर तो तीस सेकंदांत अख्खी मुंबई उरकतो. गेटवे, मरीन ड्राइव्ह, वडापाव, मन्नतचं फाटक, संपलं. त्या रीलमधली प्रत्येक गोष्ट समोरून दिसते आणि प्रत्येकीच्या पुढे कुणीतरी हात पसरून उभा असतो. घरचं उत्तर आणि रील एकमेकांच्या विरोधात वाटतात, पण शहर म्हणजे एक तर गर्दी नाही तर देखावा, यावर दोघांचं एकमत आहे.

म्हणून मी पुस्तकांकडे वळलो. तिथे पहिली भेट होते ती पु. ल. देशपांड्यांशी, कारण मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर, तुम्हाला कोण व्हायचंय, हे त्यांचं कथाकथन आमच्या पिढीने पुस्तकाआधी यूट्यूबवर ऐकलं. ऐकताना आजही हसू येतं. पण त्यातला प्रश्न नीट पाहा. तो 'व्हायचं' असा आहे. शहर म्हणजे अंगी बाणवायच्या सवयींचा संच. लोकल, घाई, घड्याळ हे सगळं शिकून घ्या, की झालात मुंबईकर. ज्याला काहीच व्हायचं नाही, दोन दिवस राहून परत यायचं आहे, त्याला त्या विनोदात जागा नाही.

गंभीर साहित्यातही त्याला जागा नाही, आणि त्याचं कारण त्या साहित्याच्या जन्मातच आहे. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून मुंबईला आले ते पोटासाठी. नामदेव ढसाळ लहानपणी पुणे जिल्ह्यातल्या पूर-कनेरसरहून आले. नारायण सुर्वे म्हणजे मुंबईनेच रस्त्यावर टाकलेलं आणि मुंबईतल्याच गिरणी कामगाराने उचललेलं मूल. 'माझे विद्यापीठ' (१९६६) किंवा 'गोलपिठा' (१९७२) लिहिणाऱ्याला हे शहर बघण्यासारखं आहे का, असं विचारणं म्हणजे बुडणाऱ्याला पाण्याचा रंग विचारण्यासारखं आहे. या कवितांनी मराठीला जे दिलं ते प्रचंड आहे. त्याचा एक परिणाम मात्र आपण मोजलेला नाही. मुंबई सोसायची असते, पाहायची नसते, असं आम्ही लांबचे वाचक धरून चाललो.

विदर्भात तर हे आधीच ठरलेलं होतं. आमच्याकडून मुंबईला माणूस जातो तो हातात काहीतरी कागद घेऊन. मंत्रालयात अडकलेली फाइल, टाटाची अपॉइंटमेंट, मुलाखतीचं पत्र. १९५६ पासून ती आमची राजधानी आहे. पण राजधानीत सहज म्हणून चक्कर मारून आलो, असं म्हणणारा माणूस आर्वीत शोधावा लागेल. (नागपूर करारामुळे सरकारच दर हिवाळ्यात नागपूरला येतं, हे खरं. पण तेव्हाही आमची माणसं मोर्चात असतात.) त्यामुळे मुंबई पाहण्यासारखी आहे का, या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे: काही मागायचं नसताना तिथे जाण्याचा हक्क आपला आहे का? मला हा प्रश्न पर्यटनापेक्षा मोठा वाटतो.

पाहुण्याच्या नजरेचे धोकेही आहेत, आणि त्याचा धडा 'गोलपिठा'तच सापडतो. त्या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. मुंबईत राहून मुंबईच्या माणसांवर नाटकं लिहिणारे तेंडुलकर तिथे न लपवता सांगतात की यातले कितीतरी शब्द आपल्याला कळत नाहीत. ते ढसाळांना अर्थ विचारतात, त्यांच्यासोबत तो भाग फिरून पाहतात. मराठीत शहर पाहण्याविषयी जे थोडंफार लिहिलं गेलं आहे, त्यात मला ही प्रस्तावना फार वरची वाटते. कारण इथे वाट दाखवणारा त्या वस्तीचा आहे, शब्द त्याचे आहेत आणि पाहणारा अडाणी आहे. आज धारावीत पैसे घेऊन टूर निघतात. त्यातल्या सगळ्या वाईट असतील असं मी म्हणणार नाही, काही तिथलीच मुलं चालवतात. पण टूरवाल्याला तुमच्याकडून फक्त तुमची वेळ हवी असते. ढसाळांना तेंडुलकरांनी आपलं अज्ञान दिलं होतं.

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. आपण स्वतः 'प्रेक्षणीय स्थळ' आहोत. सेवाग्रामला गाड्या येतात, लोक बापू कुटीसमोर चपला काढतात, दहा मिनिटांत फोटो होतो, गाडी निघते. कुटीच्या भिंती मातीच्या का आहेत, हे विचारणारा शंभरात एखादा. त्या एखाद्याशी बोलायला किती बरं वाटतं, हे सेवाग्रामात वावरलेल्या कुणालाही विचारा.

असा विचारणारा एक माणूस मराठीत एकशे साठ वर्षांपूर्वी होऊन गेला. गोविंद नारायण माडगांवकर. त्यांचं 'मुंबईचें वर्णन' १८६३ साली छापलं गेलं. या शहरावरचं मराठीतलं हे पहिलं भरगच्च पुस्तक. अभ्यासक त्याला इतिहासाचं साधन म्हणून वापरतात, आणि मला वाटतं तिथेच त्याच्यावर अन्याय होतो. मुळात ते चालत्या माणसाचं पुस्तक आहे. तळी, बाजार, गोदी, टांकसाळ, शाळा, छापखाने, सण, जातीजातींचे लोक, नुकतीच सुरू झालेली आगगाडी. देवळाइतक्याच कुतूहलाने माडगांवकर गोदीपाशी थांबतात. सुंदर काय आणि कुरूप काय, याची त्यांना फारशी पर्वा नाही. हे चालतं कसं, यात त्यांचा जीव अडकलेला आहे. इंग्रजी राज्याविषयीचं त्यांचं कौतुक आज वाचताना खटकतं, आणि गरीब माणूस त्यांच्या पानांवर बहुतेक वेळा घोळक्याने येतो, एकटा नाही. तरीही शहर नव्याने पाहणाऱ्याला सोबत म्हणून मी अजून याच्याहून चांगलं मराठी पुस्तक वाचलेलं नाही.

१८६३ या सालाचा आणि आमचा एक संबंध आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि मुंबईत कापसाचा भाव आभाळाला भिडला होता. माडगांवकर जी मुंबई लिहीत होते, तिच्यात हा पैसा खेळत होता. वर्धा नदीच्या खोऱ्यातला कापूस, विशेषतः हिंगणघाटचा, तेव्हाच नावाजलेला होता. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली. पुढे पुलगाव ते आर्वी हे छोटे रूळ पडले ते कापसासाठीच, आणि त्यामागची किलिक निक्सन ही कंपनी मुंबईची. ती छोटी गाडी आता बंद आहे. पण हिशेब असा निघतो की आर्वीची माणसं मुंबई पाहायला निघण्याच्या कितीतरी आधी आर्वीचा कापूस मुंबई पाहून आला होता.

हे एकदा डोक्यात बसलं की रीलमधली यादी निकामी होते. हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. तिथे उतरणाऱ्या पर्यटकाची रील मला अजून दिसलेली नाही. पण आर्वीच्या पोराला त्या पाटीखाली उभं राहून जे वाटेल ते गेटवेसमोर वाटणार नाही. तिथून लोअर परळला जावं. फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे आणि आपल्याकडची मुलं तिथे फोटो काढतातच. काढावेत. फक्त त्याआधी जयंत पवार वाचलेले असावेत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातल्या एका घराचं काय झालं, ते 'अधांतर' नाटकात आहे. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पवारांची मुंबई पाहुण्याला सामावून घेत नाही, मान्य. पण पुस्तक हातात असलेला पाहुणा त्या चकचकीत फरशीवर जरा जपून पाय टाकेल.

पाहण्याची कला शिकायची असेल तर मात्र अरुण कोलटकर. कोल्हापूरहून आलेला हा कवी काळा घोडा भागातल्या वेसाइड इन या हॉटेलात वर्षानुवर्षं बसत राहिला आणि खिडकीबाहेरच्या एका चौकाने त्याला एक अख्खं पुस्तक पुरवलं. 'काळा घोडा पोएम्स' इंग्रजीत आहे, २००४ साली आलं. त्यात रस्ता झाडणारी बाई आहे, इडलीवाली आहे, भटका कुत्रा आहे. गंमत अशी की ज्या घोड्यावरून त्या भागाला नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्येच तिथून हलवून भायखळ्याला नेला होता. २०१७ साली नवा घोडा बसवला, त्यावर स्वार नाही. म्हणजे कोलटकर ज्या चौकात बसून लिहीत होते, तिथलं मुख्य प्रेक्षणीय स्थळच गायब होतं आणि त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही.

आणि एक मुंबई अशी आहे जिथे विदर्भातला माणूस काही मागायला जात नाही. सहा डिसेंबरची दादरची. त्या दिवसांत नागपूरकडून जादा गाड्या सुटतात, वर्ध्याहून माणसं डब्यात शिरतात, सोबत भाकरी बांधलेली असते. चैत्यभूमीवर रांगेत तासन्‌तास उभं राहायचं, मग शिवाजी पार्कातल्या पुस्तकांच्या दुकानांत घुसायचं. यांतल्या अनेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्याच दिवशी. परतताना पिशवीत पुस्तकं असतात, कॅलेंडर असतं, बाबासाहेबांचा फोटो असतो. शहरातल्या काही लोकांना ही गर्दी खुपते, हे दर वर्षी कुठे ना कुठे वाचायला मिळतं. मला मात्र हे लोक आपल्याकडचे मुंबईचे सर्वात जुने, सर्वात शहाणे प्रवासी वाटतात: कुठे जायचं ते ठाऊक, का जायचं ते ठाऊक आणि परत यायचं हेही ठाऊक. या प्रवासावर एक सविस्तर मराठी प्रवासवर्णन मला वाचायचं आहे. हिमालयावर आपल्याकडे कपाटभर आहेत.

तर, जावं का? जावं. पैसे बेताचे असतील तर दोन रात्री पुरतात, कारण खोल्या महाग आहेत आणि मुंबई चार दिवसांत संपतही नाही. जुलैत जाऊ नका, मेमध्ये त्याहून नको. सकाळी नऊच्या विरार लोकलमध्ये मजा म्हणून चढू नका. ती कुणाची तरी ऑफिसची वेळ आहे. एक दिवस कापसाच्या मागे हिंडा, एक दिवस एकाच जागी बसा. काळा घोड्याला जागा मिळाली नाही तर ओव्हल मैदानाच्या कडेला बसा. गेटवे वाटेत लागलाच तर बघून घ्या. कोलटकर आणि पवार घरूनच वाचून निघा. माडगांवकर मात्र गाडीसाठी ठेवा. वर्ध्यापासून मुंबईपर्यंत एक रात्र मिळते आणि पुस्तक चांगलं जाडजूड आहे, येतानाही पुरेल.