जुन्या वर्षातला वसंत

जपानी काव्याचा पहिला राजमान्य संग्रह 'कोकिन्शू' इ. स. ९०५ च्या सुमारास सम्राट दाइगो यांच्या आज्ञेवरून सिद्ध झाला. वीस खंड आणि अकराशेच्या आसपास कविता असलेल्या या ग्रंथाचे दार उघडले की, उंबरठ्यावरच जी कविता भेटते तिच्यात ना फूल आहे, ना पाखरू, ना चंद्र. आरिवारा नो मोतोकाता या कवीपुढे पेच पडला आहे तो केवळ पंचांगाचा. वर्ष सरण्याआधीच वसंत येऊन ठेपला आहे. तेव्हा या उरलेल्या दिवसांची गणना गतवर्षात करावी की चालू वर्षात?

सुमारे हजार वर्षे या कवितेला मान मिळाला आणि १८९८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तो एका फटक्यात गेला. मासाओका शिकी हे हायकूला आजचे नाव आणि आजचे रूप देणारे कवी. क्षयाने पाठीचा कणा पोखरल्यामुळे ते अंथरुणाला खिळले होते. त्या अवस्थेत त्यांनी 'निप्पोन' या वृत्तपत्रात काव्यविषयक दहा पत्रे लिहिली. त्यांत त्यांनी 'कोकिन्शू'चा प्रमुख संपादक की नो त्सुरायुकी याला सुमार कवी ठरविले आणि ग्रंथाला कुचकामी म्हटले. पुरावा म्हणून त्यांनी हीच पहिली कविता पुढे केली. जपानी आणि परदेशी अशा जोडप्याच्या मुलाला जपानी म्हणावे की परदेशी, असे विचारण्यासारखेच हे आहे. याला धड विनोदही म्हणता येत नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. हा निकाल आजही जपानी काव्यावरील पुस्तकांतून उद्धृत होत असतो. तो आम्हांला मान्य नाही, आणि का नाही हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

जुन्या जपानी पंचांगात, आपल्या पंचांगाप्रमाणेच, महिने चंद्राचे आणि ऋतू सूर्याचे. सूर्याच्या वार्षिक वाटचालीचे चोवीस टप्पे कल्पिलेले असत. त्यांतला पहिला 'रिश्शुन', म्हणजे वसंतारंभ, हल्लीच्या हिशेबाने ४ फेब्रुवारीच्या आसपास येतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी तोकडे, म्हणून एकोणीस वर्षांत सात अधिक मास घालून दोहोंची सांधेजोड करावयाची. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण देणाऱ्या महाराष्ट्राला हे गणित निराळे समजावून सांगावयास नको. नववर्ष आणि वसंत यांनी जोडीने यावे ही अपेक्षा. पण अधिक मासाच्या जवळपास ही जोडी फुटे आणि वसंत पुढे निघून येई. असे दर दोनएक वर्षांनी घडत असे. मोतोकाताची कविता अशा दिवशीची आहे, आणि तसे तिच्या शीर्षटिपणीत स्पष्ट नोंदविलेलेही आहे.

आता ही कविता तर्काचे कोडे म्हणून वाचली तर शिकी खरे ठरतात. कोड्याला उत्तर नाही आणि उत्तर मिळूनही काही साधत नाही. परंतु घरातली झाडलोट व्हावयाची आहे, देणी फेडावयाची आहेत, जुने वर्ष अजून उठून गेलेले नाही आणि पाहुणा दारात उभा आहे, अशा घराची ती कविता आहे. तिच्यात आनंद आहे आणि थोडी धांदलही आहे. काळ एक नसून दोन आहेत, आणि माणसाला त्या दोहोंत एकाच वेळी राहावे लागते, याचा तो साधा प्रत्यय आहे. संपादकांनी ती आरंभी ठेवली ती अनवधानाने नव्हे. तिच्या मागोमाग येणाऱ्या त्सुरायुकीच्या स्वतःच्या कवितेत उन्हाळ्यात ओंजळीत घेतलेले, हिवाळ्यात गोठलेले आणि आज वितळू लागलेले एकच पाणी आहे. त्यानंतर धुके, अजून पडतच असलेले बर्फ, पक्ष्याचा पहिला स्वर. फुलांना वाचकाने बराच वेळ थांबावयाचे. आधी काळ आणि मग फूल, अशी ही रचना आहे. एकेकटी कविता उचलून तिची परीक्षा करणाऱ्या शिकींना ही रचना दिसली नाही, किंवा पाहावयाची नव्हती.

येथे एका गैरसमजाचाही समाचार घेतला पाहिजे. 'जपानी माणूस निसर्गप्रेमी' हे वाक्य आपल्याकडील लेखांतून इतक्या वेळा येते की, ते तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. 'कोकिन्शू'चे पहिले सहा खंड ऋतूंचे आहेत. त्यांत वसंताला दोन, शरदाला दोन, ग्रीष्माला मात्र एक आणि हिवाळ्याला एक. क्योतोचा उन्हाळा दमट आणि जाचक. कवींनी त्याच्याकडे जवळजवळ पाठच फिरविली. उत्तरेकडील बर्फाळ प्रांतांत वर्षाचा केवढा भाग हिवाळ्याचा! पण त्यांच्या हिवाळ्यालाही तो एकच खंड पुरविला गेला. म्हणजे हा निसर्ग राजधानीतल्या दरबाराने निवडलेला, क्रम लावलेला निसर्ग होता. शिवाय ज्या पंचांगाने तो मोजला जाई ते 'सेन्म्यो' पंचांग चीनच्या तांग दरबाराकडून आलेले. ८६२ साली स्वीकारलेले हे पंचांग १६८४ पर्यंत चालले, आणि तोवर त्याच्या व आकाशाच्या हिशेबात दोन दिवसांचे अंतर पडले होते. शिबुकावा हारुमी यांनी ते दुरुस्त केले आणि चिनी ऋतुचिन्हांची यादीही जपानच्या हवेला जुळेल अशी बदलून घेतली. सांगावयाचे ते असे की, चेरीचा बहर निसर्ग देतो, परंतु 'फूल' एवढाच शब्द आला की चेरी समजावी आणि नुसता 'चंद्र' म्हटला की तो शरदाचा, हे ठरविणारा निसर्ग नव्हे. ते पिढ्यान्‌पिढ्या एकत्र वाचणाऱ्या समाजाचे काम आहे.

हा सगळा डोलारा एका राजाज्ञेने हलला. मेइजी राजवटीच्या पाचव्या वर्षी, ९ डिसेंबर १८७२ रोजी जाहीर झाले की, बाराव्या महिन्याच्या दोनच तिथ्या होतील आणि तिसरा दिवस हा १ जानेवारी १८७३ समजला जाईल. पूर्वसूचना तीन आठवड्यांची. अर्थखाते सांभाळणाऱ्या ओकुमा शिगेनोबु यांनी पुढे आठवणींत कारणही सांगून टाकले आहे. पुढील वर्षी अधिक मास येत होता. तेरा पगार द्यावे लागले असते, ते वाचले. आणि बाराव्या महिन्याचे दोन दिवसही बिनपगारी गेले. फुकुझावा युकिची यांनी लगोलग पुस्तिका काढून नवी कालगणना समजावून दिली व तिच्याविषयी शंका घेणाऱ्यांना अडाणी ठरविले. साइकाकु या कथाकाराचे १६९२ मधील एक पुस्तक वर्षअखेरीच्या एकाच दिवसाच्या वीस कथांचे आहे. देणेकरी आणि सावकार यांची त्या दिवशीची लपाछपी हा त्याचा विषय. १८७२ साली तो दिवस वर्षाच्या अखेरीला आलाच नाही.

सणांची जी तारांबळ उडाली ती अजून पुरती मिटलेली नाही. तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेचा पीचच्या फुलांचा सण आता ३ मार्चला येतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी पीच फुललेला नसतो. उबेत ठेवून फुलविलेल्या फांद्या विकत आणाव्या लागतात. सातव्या महिन्याच्या सप्तमीला आकाशगंगेच्या दोन तीरांवरचे तारे भेटतात, तो तानाबाता ७ जुलैला आला आणि ऐन पावसाळी ढगांत सापडला. सेंदाई शहराने त्यावर तोड काढून तो ऑगस्टच्या ६ ते ८ या तारखांना नेला आहे. नवव्या महिन्याच्या नवमीचा शेवंतीचा सण शेवंतीवाचून ओस पडला. पितरांचा बोन तोक्योत जुलैत, तर बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्ये. आठव्या महिन्याची पौर्णिमा तेवढी जुन्या तिथीनेच पाळतात. चंद्राला सरकारी आदेश लागू पडला नाही!

कवींच्या ऋतुकोशांची, म्हणजे 'साइजिकीं'ची, गंमत याहून मोठी. हायकूत ऋतुदर्शक शब्द, 'किगो', असावा हा संकेत. आणि कोणता शब्द कोणत्या ऋतूचा हे हे कोश सांगतात. बाकिन या कादंबरीकाराने १८०३ साली सिद्ध केलेल्या अशा कोशात अडीच हजारांहून अधिक शब्द होते. आजच्या कोशांतही तानाबाता शरदात आहे, आणि कलिंगडदेखील! १ जानेवारीच्या शुभेच्छापत्रांवर कडाक्याच्या थंडीत 'नवा वसंत' असेच छापले जाते. वसंतापासून सुटून निघालेल्या नववर्षाला बसवावे कोठे, हा प्रश्न पडल्यामुळे चार ऋतूंच्या जोडीला 'नववर्ष' हा पाचवा विभागच करावा लागला. आमच्या मते हा पाचवा विभाग म्हणजे मोतोकाताच्या प्रश्नाला मिळालेले, हजार वर्षे उशिराचे, उत्तर आहे.

शिकींचा जन्म १८६७ चा. कालगणना बदलली तेव्हा ते पाच वर्षांचे होते. जुनी तिथी त्यांना ठाऊक नव्हती असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. खेड्यापाड्यांतून ती पुढे कित्येक वर्षे पाळली जात होती. पण ठाऊक असणे वेगळे आणि तिच्यात राहणे वेगळे. १८९८ च्या तोक्योत वर्तमानपत्रावरची तारीख एकच होती. जो पेच एकेकाळी दर दुसऱ्या वर्षी घरोघर पडत असे तो आता पडेनासा झाला होता. पेच नाहीसा झाला की त्यावरची कविता कोटी वाटू लागते. शिकींनी कवितेचा दोष म्हणून जे दाखविले ते बऱ्याच अंशी कवितेच्या पायाखालून सरकलेल्या जमिनीचे अंतर होते.

त्यांची बाजूही सांगितली पाहिजे. 'कोकिन्शू'चे अनुकरण करणाऱ्या तत्कालीन दरबारी कवींचा साचेबंदपणा असह्य झाला होता, आणि समोर दिसते ते लिहा हा शिकींचा आग्रह त्या काळी औषधासारखा होता. खाटेवरून दिसणाऱ्या बागेएवढ्याच जगातून त्यांनी जे काव्य निर्माण केले त्यापुढे आम्ही नम्र आहोत. पण त्यांनीही किगो टाकला नाही. त्यांचे शिष्य ताकाहामा क्योशी यांनी तर १९३४ साली नवा ऋतुकोशच प्रसिद्ध केला. गुरूने उंबरठा फोडला, शिष्याने घर सावरले. मराठीत शिरीष पै यांनी हायकू रुजविला तेव्हा आपण तीन ओळी घेतल्या, क्षणचित्र घेतले. ऋतुशब्दाचे बंधन मात्र आले नाही. त्याला आम्ही दोष देत नाही. बंधन आणावयाचे तर आधी कोश हवा, आणि कोशाआधी एका तिथीवर जगणारा वाचकवर्ग हवा.

तिथी धरून राहणे म्हणजे काय असते याचे उदाहरण काव्याबाहेरचे आहे, आणि ते आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. १६१४ च्या बंदीनंतर जपानातील ख्रिस्ती समाज धर्मगुरूंवाचून दोनशेहून अधिक वर्षे लपून राहिला. नागासाकीजवळच्या सोतोमे भागात आणि गोतो बेटांवर त्यांच्याजवळ एक पंचांग होते. १६३४ सालचे उपासना-वर्ष जपानी चांद्र तिथींवर बसविलेले हे पंचांग परंपरेने बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाचे मानले जाते. ते सांभाळून सणवार व उपवास सांगणाऱ्या माणसाला 'चोकाता', म्हणजे वहीवाला, म्हणत. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा येथील नव्या चर्चमध्ये उराकामीचे पंधराएक ग्रामस्थ फादर पेतीजाँ यांच्यापुढे प्रकट झाले, तो प्रसंग सर्वश्रुत आहे. त्या वेळच्या बोलण्यातला एक तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही. आज दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस आहे, तुम्हीही तो पाळता का, असे त्यांनी फादरांना विचारले. 'कानाशिमी', दुःख, हे त्यांचे उपवासकाळाचे नाव. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. हिशेब करून पाहावा: १७ मार्च हा बरोबर सतरावा दिवस येतो. ओळख पटविण्यासाठी त्यांनी जे पुढे केले त्यात तारीख होती.

पुढे २४ फेब्रुवारी १८७३ रोजी ख्रिस्ती धर्मबंदीचे फलक सरकारने उतरविले. म्हणजे ज्या तिथींवर त्यांनी आपले वर्ष जपले होते त्या तिथी रद्द झाल्यावर दोन महिनेही लोटले नव्हते. लपून राहण्याची गरज आणि ज्याच्या आधारे लपून राहता आले ते पंचांग, दोन्ही एकाच हिवाळ्यात मोडीत निघाली. ज्यांनी चर्चकडे न परतता वाडवडिलांचीच रीत धरली त्यांच्यातले काही पुढेही बास्तियानचीच वही उलगडत राहिले. शिकींनी त्यांनाही हसून विचारले असते काय, आम्हांला सांगता येत नाही.

ओउराचे ते चर्च १५९७ च्या सव्वीस रक्तसाक्ष्यांना वाहिलेले आहे, आणि त्यांतले गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचे. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. फ्रान्सिस्कन बंधू आणि आपल्या धर्मगुरूंचे जपानी दुभाषे. ज्या प्रकारच्या मुलाला कोणत्या देशाचे म्हणावे हा प्रश्न शिकींना फिका विनोद वाटला, तसे ते एक मूल. त्यांना नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर चढविले तो दिवस ५ फेब्रुवारी म्हणून आपण स्मरतो. जपानी दप्तरात त्याची नोंद केइचो पहिले वर्ष, बारावा महिना, एकोणिसावी तिथी अशी आहे. वर्ष संपावयास दहा-अकरा दिवस उरले होते, आणि रिश्शुन येतो तो नेमका याच दिवसांत. त्या वर्षी वसंत जुन्या वर्षातच आला होता.