बायको आधी जाते तेव्हा : शीबा जॉर्ज यांचं पुस्तक पिंगळीत बसून वाचताना



पेटची तयारी करणारे विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात. "साहित्याचा आढावा लिहिताना पुस्तकाचा सारांश जमतो, पण त्यावर टीका कशी करायची? एवढ्या मोठ्या लेखिकेची चूक आपण कोण काढणार?" टीका म्हणजे चूक काढणं नव्हे. पुस्तकाने कोणता प्रश्न विचारला, तो कुणाला विचारला, आणि आपल्या गावात तो प्रश्न घेऊन उभं राहिलं तर तो कुठे तुटतो, एवढं तपासलं की टीका होते. आज एका पुस्तकावर हेच करून बघू.

पुस्तक आहे शीबा मरियम जॉर्ज यांचं 'व्हेन विमेन कम फर्स्ट', कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनाने २००५ मध्ये काढलेलं. विषय : केरळमधून अमेरिकेत आधी गेलेल्या नर्स आणि त्यांच्या मागून गेलेले नवरे. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली. समाजशास्त्राचं पुस्तक हातात घ्यायचं कारण अभ्यासाचं नव्हतं, घरचं होतं.

घरचं कारण

माझी वहिनी जीएनएम आहे, परभणीत एका खासगी दवाखान्यात कामाला. दादा डिप्लोमा करून छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. दोघं पिंगळीहून रोज ये-जा करतात. २०२४ च्या सुरुवातीला एका एजंटने त्यांना सांगितलं : वहिनींना इंग्लंडला 'केअरर' म्हणून पाठवतो, दादा आणि लेकरू डिपेंडंट म्हणून सोबत जातील, इतके लाख भरा. घरात शेताचा तुकडा विकायची भाषा सुरू झाली. वहिनी मला म्हणाली, "ताई, तुम्ही एवढं वाचता, एवढं बघून सांगा ना."

मी इंग्लंडच्या सरकारी संकेतस्थळावर नियम वाचला. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्कर म्हणून नव्याने जाणाऱ्यांना नवरा-बायको किंवा मुलं सोबत नेता येणार नव्हती. नोंदणीकृत नर्सला मात्र नेता येत होती. म्हणजे 'नर्स' आणि 'केअरर' या दोन शब्दांच्या मधे दादा आणि लेकरू उभं होतं. पुढे २२ जुलै २०२५ पासून केअर वर्करसाठी परदेशातून नवी भरतीच बंद झाली. शेत वाचलं. एजंटने आम्हाला हे का सांगितलं नाही, ते तोच जाणे.

त्यानंतर मी जॉर्ज यांचं पुस्तक पुन्हा उघडलं. पहिल्यांदा वाचताना ते फार आवडलं होतं. या वेळी मनात एक तक्रार होती.

पुस्तक काय सांगतं

आधी पुस्तकाला त्याचं श्रेय देऊ. टीकेत ही पायरी चुकवू नका.

१९६५ च्या कायद्यानंतर अमेरिकेची दारं आशियातल्या कुशल लोकांना उघडली. तिथे नर्सची टंचाई होती आणि केरळात शिकलेल्या नर्स होत्या. त्या आधी गेल्या, परवाना मिळवला, पगार सुरू झाला, मग नवऱ्यांना बोलावलं. नर्सचं शिक्षण परीक्षा देऊन तिथे चालवता आलं. नवऱ्यांची पदवी आणि अनुभव मात्र बऱ्याचदा कुणी मोजलाच नाही. गावाकडे मान असलेला माणूस तिथे मिळेल ते काम करू लागला.

एवढं वाचून आपण पटकन म्हणू, "बाई कमावती झाली, म्हणजे सक्षम झाली." जॉर्ज तिथे थांबत नाहीत. नाव बदलून दिलेल्या एका शहरात आणि तिथल्या ऑर्थोडॉक्स सिरियन ख्रिश्चन मंडळीत राहून त्यांनी नोकरी, घर आणि चर्च या तिन्ही जागा एकत्र पाहिल्या. मग केरळात जाऊन गावाकडचे लोक या कुटुंबांविषयी काय बोलतात तेही ऐकलं.

घरांचे त्यांना चार प्रकार दिसले. पहिला पारंपरिक : पगार कुणाचाही असो, घरकाम बाईचं आणि शब्द पुरुषाचा. दुसरा नाइलाजाचा : दोघांच्या शिफ्ट उलटसुलट, मदतीला सासू नाही की शेजारीण, म्हणून नवऱ्याला लेकरं सांभाळावी लागतात, पण कर्ता मीच हा आग्रह सुटत नाही. तिसरा भागीदारीचा, जिथे काम आणि निर्णय दोन्ही वाटून घेतले जातात. चौथा बाईच्या एकटीच्या खांद्यावर चालणारा.

आणि चर्च? नोकरीत मान गेला, घरातही अधिकार हलला, तेव्हा पुरुष चर्चच्या समित्यांमध्ये आणि पदांमध्ये मान शोधू लागले. त्यावरून समाजाने त्यांची टिंगलही केली. 'नर्सचा नवरा' ही ओळख शिवीसारखी वापरली गेली. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारं काम म्हणून केरळात नर्सकडे नाक मुरडणारे लोक होते, आणि तिच्या डॉलरचा हेवा करणारेही होते. बहुतेक वेळा ते तेच लोक असायचे. हे वाचताना मला आमच्या पारावरची बोलणी ऐकू आली. "सून नाइट ड्युटी करते" हे वाक्य किती चालींत म्हणता येतं, ते पिंगळीत राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

म्हणून हे पुस्तक मोठं आहे. पगार आणि सत्ता यांचं साधं समीकरण ते मोडतं.

माझी पहिली तक्रार : व्हिसा मागच्या पडद्यावर राहतो

पुस्तकातली घरं वेगवेगळी का झाली, याची कारणं जॉर्ज संस्कृतीत, नोकरीत आणि समाजात शोधतात. कायदा त्यांच्याकडे आहे, पण पार्श्वभूमीला. आणि असणारच, कारण त्यांची सगळी कुटुंबं एकाच देशात, साधारण एकाच कायद्याखाली आलेली. सांख्यिकीच्या भाषेत सांगायचं तर जो घटक सगळ्यांसाठी सारखाच आहे, त्याचा परिणाम त्या नमुन्यात दिसूच शकत नाही. दिसत नाही म्हणून तो नाही, असं मात्र समजायचं नाही.

आज वहिनीसमोर एक देश नाही, चार पर्याय आहेत. प्रत्येकात दादाची जागा वेगळी आहे.

इंग्लंडला नर्स म्हणून जायचं तर नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची नोंदणी लागते : इंग्रजीची परीक्षा, मग कॉम्प्युटरवरची सीबीटी, मग तिथे जाऊन प्रात्यक्षिकाची ओएससीई. पिन नंबर मिळेपर्यंत नर्स म्हणून काम करता येत नाही. पण नवरा डिपेंडंट म्हणून येऊ शकतो आणि नोकरीही करू शकतो.

इंग्लंडलाच केअरर म्हणून गेलं असतं, तर मार्च २०२४ नंतर नवरा गावीच.

अमेरिकेसाठी एनक्लेक्स-आरएन परीक्षा लागते. नर्स बहुतेक करून ग्रीन कार्डच्या रांगेतून जातात, आणि त्यात नवऱ्यालाही ग्रीन कार्ड मिळतं. पण भारतात जन्मलेल्यांची ही रांग दहा वर्षांहून लांब आहे. आज पस्तिशीत असलेली बाई पोचेपर्यंत लेकरू बारावीला.

जर्मनी आता आपल्याकडे चर्चेत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. पहिल्या टप्प्यात १०,००० जणांना पाठवायचं ठरलं, त्यात नर्सही आहेत. तिथे आधी आपल्या शिक्षणाची तुलना होते. फरक निघाला तर ज्ञानपरीक्षा द्यायची किंवा पूरक प्रशिक्षण घ्यायचं. परवाना मिळेपर्यंत काम सहायक म्हणून, आणि भाषा साधारण बी२ पातळीची हवी. कुटुंब म्हणून राहण्याचा परवाना मिळालेल्या जोडीदाराला जर्मनीत नोकरी करता येते. पण तो परवाना केव्हा मिळणार, हे तिचा परवाना कोणत्या टप्प्यात आहे आणि घरखर्च भागतो का, यावर ठरतं.

आता जॉर्ज यांचे चार प्रकार या चार रस्त्यांवर ठेवून बघा. नवरा सोबत आला, पण दोन वर्षांनी आला, तर ते घर कोणत्या प्रकारात बसेल? त्या दोन वर्षांत लेकरू इकडे आजीजवळ, बायको तिकडे एकटी, नवरा इकडे 'तिच्या पैशावर' म्हणून बोलणी खात. पुस्तकाचे प्रकार पोचलेल्या घरांचे आहेत. वाटेत असलेल्या घराला त्यात खाना नाही.

दुसरी तक्रार : न पोचलेल्या बायका

संशोधनात ही चूक फार वेळा होते, म्हणून थोडं थांबून सांगते. जे यशस्वी झाले त्यांच्याचकडे बघून नियम काढला की नियम वाकडा येतो. जॉर्ज अमेरिकेत मुलाखती घेतात, त्यामुळे त्यांना भेटतात त्या पोचलेल्या आणि टिकलेल्या बायका.

परभणीत बसलं की बाकीच्या दिसतात. एएनएम केलेली मुलगी, जिला एजंटने नर्स म्हणूनच नाव नोंदवायला लावलं, पण परदेशातल्या नोंदणीसाठी तो कोर्स चालत नाही हे पैसे भरल्यावर कळलं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण राहून गेलेली, कारण बाळंतपणानंतर तीन वर्षं घरीच होती. इंग्रजीच्या परीक्षेत फक्त लेखनात अडकलेली. आणि सगळं जमलं पण "नवऱ्याला सोडून कुठे निघालीस" या एका वाक्यावर थांबलेली. या बायकांच्या घरातही सत्ता हललेली असते. कधी कर्जामुळे, कधी तुटलेल्या आशेमुळे. त्यांच्याविना हा विषय अर्धाच राहतो.

इथे केरळ आणि मराठवाडा यांतला फरकही लक्षात घ्या. जॉर्ज यांच्या बायकांना आधी गेलेल्या नर्सचं जाळं होतं, चर्च होतं. विमानतळावर घ्यायला कुणीतरी ओळखीचं यायचं. केरळात १९९८ पासून स्थलांतराचं सर्वेक्षण ठरावीक वर्षांनी होत आलंय. आमच्याकडे जाळं म्हणजे एजंट, जर्मनचा क्लास आणि व्हॉट्सॲपवर फिरलेली जाहिरात. चर्चच नाही, तर मान गमावलेला पुरुष तो परत कुठे शोधणार? भजनी मंडळात, गणेश मंडळात, का गावातल्या प्लॉटवर बांधलेल्या दुमजली घरात? पुस्तकातलं उत्तर इथे चालत नाही, पण प्रश्न चालतो. दुसऱ्याच्या संशोधनातून उचलायची वस्तू बहुतेक वेळा प्रश्नच असते.

मग आपण काय करायचं?

टीका करून हात झटकले तर गाइड विचारणारच, "बरं, मग तुझं योगदान काय?" मी माझ्यापुरतं केलेलं सांगते.

मी प्रत्येक जोडप्यासाठी एका ओळीत सहा तारखा लिहायला सुरुवात केली : तिची कौन्सिलची नोंदणी, भाषेची परीक्षा, परदेशी परवाना, तिचा व्हिसा, त्याचा व्हिसा, त्याची तिथली पहिली नोकरी. जी गोष्ट झालीच नाही तिथे रिकामी जागा. एवढ्याने घर 'कोणत्या प्रकारचं' आहे हा प्रश्न बाजूला पडतो आणि 'कोणत्या दोन तारखांच्या मधे अडकलंय' हा प्रश्न पुढे येतो. न पोचलेल्या बायकाही तक्त्यात राहतात, कारण रिकामी जागा हीसुद्धा नोंद आहे. संख्याशास्त्रात अशा अपूर्ण नोंदी हाताळायच्या पद्धती आहेत, त्या फेकून द्यायच्या नसतात.

आणखी एक साधी गोष्ट. आपल्या जनगणनेत स्थलांतराचं एकच कारण लिहितात : काम, शिक्षण, लग्न, कुटुंबासोबत वगैरे. बायका बहुतेक 'लग्न'च्या खान्यात जातात. दादासारखा माणूस बायकोच्या नोकरीमुळे निघाला तर तो 'कुटुंबासोबत'. पण त्या खान्यात त्याने सोडलेलं काम दिसत नाही आणि तिने मिळवलेला परवाना दिसत नाही. तुमच्या प्रश्नावलीत तरी दोघांना वेगवेगळं विचारा, आणि शक्यतो वेगवेगळ्या खोलीत.

सावध राहायची जागाही आहे. ज्यांचे एजंटकडे पैसे अडकलेत ते लोक घाबरलेले असतात. गावाचं नाव, दवाखान्याचं नाव, रक्कम हे सगळं एकत्र लिहिलं की माणूस ओळखू येतो. जॉर्ज यांनी शहराचं नाव बदललं ते उगीच नाही.

शेवटी

वहिनीचं जर्मन बी१ पर्यंत आलंय. लोकलमध्ये पिंगळी ते परभणी ती मोबाइलवर शब्द ऐकत असते. परवा जेवताना दादा म्हणाला, "हिचं होईल गं. पण मी तिथं जाऊन काय करणार?" घरात कुणीच बोललं नाही. आईने त्याच्या ताटात भाकरी वाढली.

जॉर्ज यांच्या पुस्तकाचं मोल मला त्या क्षणी पुन्हा कळलं. दादाचा प्रश्न त्यांनी वीस वर्षांपूर्वी गंभीरपणे घेतला होता, आणि तो फक्त दादाचा नाही, वहिनीचाही आहे हे दाखवून दिलं होतं. त्याचं उत्तर मात्र त्या शहरातून इकडे येणार नाही. त्याला सहा तारखांचा तक्ता घेऊन दारोदार जावं लागेल.

पुस्तक जरूर वाचा. पहिल्यांदा वाचताना फक्त ऐका. दुसऱ्यांदा वाचताना आपल्या गावातलं एक घर डोळ्यांसमोर ठेवा आणि ते घर कोणत्या पानावर बसत नाही, तिथे पेन्सिलीने खूण करा. तुमचा आढावा त्या खुणेपासून सुरू होईल.