थांबणे आणि पुढे जाणे : डिकिन्सन आणि फ्रॉस्ट यांच्या दोन कविता

एमिली डिकिन्सनची मृत्यूबरोबरच्या गाडीप्रवासाची कविता (जॉन्सनच्या संपादनात क्रमांक ७१२) आणि रॉबर्ट फ्रॉस्टची 'स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग' या दोन कविता शेजारी ठेवल्या की तुलना बहुधा एका ठरीव वाटेने जाते. डिकिन्सन मृत्यूचा शांतपणे स्वीकार करते. फ्रॉस्टचा निवेदक मृत्यूच्या मोहावर मात करून कर्तव्याकडे वळतो. दोन्ही कवितांत घोडा आहे, वाट आहे, मावळतीनंतरचा गारवा आहे आणि मुख्य म्हणजे थांबणे आहे. त्यामुळे ही मांडणी सोयीची ठरते. परंतु ती केवळ विधानांच्या पातळीवर खरी आहे. या कवितांचा रूपबंध विधानांच्या नेमका उलट दिशेने जातो, आणि मृत्यूविषयी त्यांना जे म्हणावयाचे आहे ते या विरोधातच आहे.

डिकिन्सनची कविता साधारणतः १८६३ च्या सुमारास लिहिली गेली. तिचा छंद प्रार्थनागीतांचा आहे. आठ आणि सहा अक्षरांच्या ओळी आलटूनपालटून येणारा हा घाट आयझॅक वॉट्सच्या गीतांमुळे न्यू इंग्लंडच्या चर्चमध्ये घराघरांतील माणसाच्या कानात बसलेला होता. हा छंद ऐकू येताच पारलौकिक आश्वासनाची अपेक्षा निर्माण होते. पहिल्याच कडव्यात मृत्यू हा सभ्य गृहस्थ गाडी घेऊन येतो आणि गाडीत 'अमरत्व' हा तिसरा प्रवासी असतो. अपेक्षा पुरी होणार असे वाटते. पण हा तिसरा प्रवासी नंतर संपूर्ण कवितेत पुन्हा दिसत नाही. शेवटी येते ती अनंतता, आणि अनंतता म्हणजे अमरत्व नव्हे. शिवाय तीही ज्ञान म्हणून येत नाही. घोड्यांच्या माना कोणत्या दिशेला आहेत यावरून केलेला एक तर्क म्हणून येते.

छंदाचा भंग कोठे होतो हे येथे निर्णायक ठरते. तिसऱ्या कडव्यात शाळेतील मुले, पिकाची शेते आणि मावळता सूर्य यांना ओलांडून गाडी पुढे जाते. चौथ्या कडव्यात निवेदिका स्वतःचेच म्हणणे दुरुस्त करते : आम्ही सूर्याला नव्हे, सूर्यानेच आम्हांला ओलांडले. येथे अक्षरांचा क्रम एकदम फिरतो. आठ-सहा-आठ-सहा ऐवजी सहा-आठ-आठ-सहा. यमकही पुरते जुळत नाही. अंगावरची वस्त्रे विरळ आहेत आणि थंडी वाजू लागली आहे. जी प्रवास करीत होती ती मागे राहिली आहे, हे अर्थाने कळण्यापूर्वी कानाला कळते.

१८९० साली मेबल लूमिस टॉड आणि टी. डब्ल्यू. हिगिन्सन यांनी ही कविता प्रथम छापली तेव्हा तिला 'द चॅरिअट' असे शीर्षक दिले आणि नेमके हेच कडवे गाळले. पाचव्या कडव्यात कबररूपी घराचे वर्णन आहे. तेथे 'जमीन' या अर्थाचा एकच शब्द यमकाच्या दोन्ही जागी येतो. संपादकांना तो दोष वाटला असावा. त्यांनी दुसऱ्या जागी वेगळा शब्द घालून यमक 'सुधारले'. वाचकाहाती पडली ती एक गोड, धार्मिक कविता. टॉमस जॉन्सनच्या १९५५ च्या आवृत्तीने मूळ संहिता आणि डॅश परत आणले. मृत्यूच्या शांत स्वीकाराचे जे वाचन आजही वर्गात चालते, ते पुष्कळ अंशी त्या कापलेल्या संहितेचा वारसा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

फ्रॉस्टच्या कवितेचे चित्र याच्या अगदी उलट आहे. १९२२ च्या जून महिन्यात, रात्रभर दुसऱ्या दीर्घ कवितेवर काम केल्यानंतरच्या सकाळी, त्याने वर्षातील सर्वांत काळोख्या संध्याकाळची ही कविता लिहिली. येथे छंद कोठेही ढळत नाही. सोळाही ओळी चार आघातांच्या. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ जुळते, तिसरी सुटी राहते. माधव जूलियनांच्या अनुवादांमुळे रुबाईचा हा घाट मराठी वाचकाला अपरिचित नाही. मात्र फ्रॉस्ट त्या सुट्या ओळीचे यमक पुढच्या कडव्याला देतो. प्रत्येक कडवे पुढच्याला ओढते. रूपच चालत असते. निवेदक उभा असताना कविता चालते आणि तो निघावयाचे म्हणतो तेव्हा ती थांबते. शेवटच्या कडव्यात चारही ओळींचे यमक एकच, आणि शेवटची ओळ म्हणजे आधीच्या ओळीची अक्षरशः पुनरुक्ती. तिसरी ओळ सुटी ठेवली असती तर ती आणखी एका कडव्याचे वचन देऊन गेली असती. पुनरुक्तीने ते टळले, असे फ्रॉस्टनेच एका पत्रात नोंदविले आहे. ही कारागिराची कबुली आहे, पण तिचा अर्थ कारागिरीपुरता राहत नाही. वचने पाळण्याची गोष्ट बोलणाऱ्या कवितेचे रूप पुढचे वचन देण्याचे नाकारते.

आपल्याकडे ही कविता पंडित नेहरूंच्या नावाशी जोडली गेली. १९६४ साली त्यांचे निधन झाले तेव्हा तिच्या शेवटच्या ओळी त्यांनी स्वहस्ते लिहून जवळ ठेवल्या होत्या. त्या प्रसंगाचे भारदस्तपण मान्य करूनही म्हणावे लागते की त्यामुळे चार ओळी कवितेतून सुटून सुविचार बनल्या, आणि उरलेल्या बारा ओळींतील रान वाचकांच्या दृष्टिआड झाले. दुसरे टोक जॉन चार्डीच्या १९५८ च्या लेखाचे. मृत्यूची इच्छा त्याने सूचित केली आणि फ्रॉस्टला ती रुचली नाही. कवीचा इन्कार हा पुरावा नव्हे. तथापि 'मृत्यू' हा शब्द कवितेत कोठेही नाही, हे विसरूनही चालणार नाही.

येथेही एका संपादकाचा हात आडवा येतो. रानाला फ्रॉस्टने तीन विशेषणे लावली आहेत. पहिल्यानंतर स्वल्पविराम आहे, दुसऱ्यानंतर नाही. म्हणजे रान सुंदर आहे, आणि ते काळोखे व खोल असण्यातच सुंदर आहे. एडवर्ड कॉनरी लेथमने १९६९ च्या आवृत्तीत दुसरा स्वल्पविराम घातला. तीन सुटे गुण एका रांगेत बसले आणि मोहाचे कारण नाहीसे झाले. एका चिन्हाने इतके व्हावे हे अतिशयोक्त वाटेल. पण कवितेत मोहाला दिलेली जागा एवढीच आहे. उरलेला प्रश्न घोड्याने घुंगरे हलवून विचारलेला, म्हणजे निवेदकाने स्वतः न विचारलेला.

दोन्ही कवितांत पुनरुक्ती मुक्कामाच्या जागी येते. डिकिन्सनमध्ये ती कबरीपाशी येते आणि त्यानंतर आणखी एक कडवे उरते. शतके लोटूनही बोलणे चालू राहते आणि अखेरचा डॅश ते उघडेच ठेवतो. फ्रॉस्टमध्ये पुनरुक्तीनंतर पूर्णविराम आहे. जी थांबली असे सांगते ती थांबत नाही. जो जायचे म्हणतो तो हललेला दिसत नाही.

मराठी अनुवादकाला या जोडीत एक वेगळीच अडचण येते. 'थांबणे' या मराठी क्रियापदात चालणे बंद करणे आणि वाट पाहणे हे दोन्ही अर्थ असल्यामुळे डिकिन्सनच्या पहिल्या वाक्यातील खोच काहीशी हाती लागते. परंतु तिने मृत्यूसाठी मुद्दाम निवडलेले पुल्लिंगी सर्वनाम मराठीत दिसतच नाही, कारण 'मृत्यू' हा शब्द मुळातच पुल्लिंगी. इंग्रजीत जे रूपक आहे ते मराठीत नुसते व्याकरण होते. गाडीतला तो सभ्य गृहस्थ मराठीत उभा करावयाचा तर अनुवादकाला त्याच्या वागण्यावर, त्या अदबशीर संथपणावर अधिक भार द्यावा लागेल.