‘फँड्री’तली भिंत आणि मुक्ताचा निबंध

नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’विषयी (२०१३) बोलणं निघालं की गाडी शेवटच्या दगडावर येऊन थांबते. जब्यानं भिरकावलेला तो दगड थेट आपल्या दिशेनं येतो. त्यावर रग्गड लिहून झालंय. मला त्याच्या थोडं आधी दिसणारी शाळेची भिंत जास्त छळते. जब्याच्या घरची माणसं डुक्कर बांधून वाहून नेतायत आणि मागे भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले आहेत.

या चौकटीतला विरोधाभास कुणालाही दिसतो. पण ती नुसती विरोधाभासाची चौकट म्हणून बघितली की शाळा सुटते. ती भिंत कुणीतरी रंगवून घेतलीय. त्या शाळेत जयंतीला हार घातले जात असणार, भाषणस्पर्धा होत असणार, पहिल्या नंबरला कंपासपेटी मिळत असणार. म्हणजे मानवी हक्क तिथे शिकवले जातायत. मंजुळे दाखवतात ते शिकवण्याचा अभाव नाहीये. शिकवून झाल्यानंतरचं गाव आहे ते.

‘हक्क’ या शब्दाचंच बघा. घरात तो किती उबदार असतो! ‘हक्कानं सांग’, ‘हक्काचं माणूस’, ‘हक्काची सुट्टी’. नागरिकशास्त्राच्या तासाला मात्र तो गारठतो. मूलभूत हक्क किती, थोडक्यात उत्तरे लिहा, गुण चार. त्यात पुस्तकी मराठीची ती ठरलेली वाक्यं : हक्क ‘देण्यात आले आहेत’, अस्पृश्यता ‘नष्ट करण्यात आली आहे’. कुणी नष्ट केली, कुणाकडून काढून घेतली, कोण अजून पाळतंय? वाक्यात कर्ताच नसतो, त्यामुळे विचारायचं कुणाला? राज्यघटनेच्या १७व्या अनुच्छेदानं अस्पृश्यता संपवली आणि तिचं पालन गुन्हा ठरवलं. जब्याला ती संपलेली गोष्ट गावात रोज भेटते. मुलाला त्या दोन्हींतलं अंतर दिसतं, पण ते मांडायला लागणारं वाक्य शाळेनं त्याला दिलेलं नसतं.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं डिसेंबर २०११मध्ये मानवी हक्क शिक्षणाचा जाहीरनामा स्वीकारला. अशा कागदांची भाषा सहसा सपक असते, पण यात एक उपयोगी फोड आहे. हे शिक्षण तीन प्रकारे व्हावं, असं तो म्हणतो : हक्कांविषयी, शिकवणाऱ्याचे आणि शिकणाऱ्याचे हक्क पाळत, आणि हक्क वापरता यावेत यासाठी. आपल्या शाळा पहिल्यावर परीक्षा घेतात आणि तिथेच दप्तर मिटतं.

दुसऱ्या प्रकाराबद्दल आपला कायदा खरं तर बराच स्पष्ट आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी करतं. २९वं कलम म्हणतं की अभ्यासक्रम राज्यघटनेच्या मूल्यांना धरून असावा आणि त्यानं मुलाला भीतीतून मोकळं करावं. आता छडी हातात घेऊन समतेचा धडा शिकवणारे सर आठवा. आठवायला फार वेळ लागणार नाही. वर्गातली मुलं त्या तासाला छडीकडूनच शिकतात.

‘फँड्री’त राष्ट्रगीताचा प्रसंग आहे. डुकरामागे धावणाऱ्यांच्या कानावर शाळेतून राष्ट्रगीत येतं, सगळे ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटतं. आपण हसतो, मग ओशाळतो. ताठ उभं राहणं शाळेनं जब्याला पक्कं शिकवलंय. या प्रसंगाशेजारी मला केरळमधल्या तीन भावंडांचा खटला ठेवावासा वाटतो. यहोवाचे साक्षीदार या पंथाची ही मुलं. शाळेत राष्ट्रगीत चालू असताना ती आदरानं उभी राहायची, पण श्रद्धेमुळे गायची नाहीत. त्यांना शाळेतून काढलं. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला आणि त्यांना परत शाळेत घ्यायला सांगितलं. नागरिकशास्त्राच्या तासाला यासारखी गोष्ट नाही : नायक शाळकरी वयाचे, प्रसंग रोजच्या परिपाठाचा आणि समोर त्यांचीच शाळा. ती वर्गात सांगायला शिक्षकाकडे थोडं धैर्य लागेल, हेही खरं. कारण ऐकणारी मुलं पुढचा प्रश्न आपल्याच शाळेबद्दल विचारणार.

आणि मराठीत तर याहून जुना दाखला आहे. भिंतीवरच्या त्या चौघांतल्या सावित्रीबाईंचीच विद्यार्थिनी, मुक्ता साळवे. फुले दांपत्यानं पुण्यात चालवलेल्या शाळेतली ही मांग समाजातली मुलगी. वय चौदाच्या आसपास. तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. जाहीरनामे नव्हते, घटना नव्हती. वेदांवर आमचा अधिकार नाही तर मग आमचा धर्म कुठला, हे ती सरळ देवाला विचारते. आपल्या माणसांना इमारतींच्या पायात पुरत, हे सांगते. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल सांगते. तिच्या निबंधात अन्याय ‘करण्यात’ येत नाही, तो माणसं करतात आणि माणसं सोसतात. तिसऱ्या प्रकारचं शिक्षण म्हणजे काय, हे बघायला मी तरी दुसरीकडे जाणार नाही.

मुक्ताचा निबंध डोक्यात ठेवून ‘फँड्री’ पुन्हा पाहिला की एक खटकतं. जब्याच्या वर्गात सर चोखोबांचा अभंग शिकवतात. बाह्य रूपाला भुलू नका, असं सांगणारी ती रचना, आणि ऐकणारा जब्या काळ्या चिमणीच्या राखेनं शालूला वश करायच्या नादात! प्रसंग जमलाय. पण सिनेमा शिक्षकांना इथे फार स्वस्तात सोडतो. गावातले टवाळ, जब्याचा बाप, शालू, सगळे आपल्याला उलगडतात. सर मात्र फळ्यापुढे उभी असलेली एक आकृती राहतात. त्यांना जब्याविषयी काय ठाऊक होतं, अभंग शिकवताना त्यांची नजर कुणावर होती, कुणावर जायचं टाळत होती, याचा पत्ता लागत नाही. जब्याकडे शेवटी फक्त दगड उरला, यात त्या तासाचाही वाटा आहे. सरांनी एकदा त्याला चोखोबांवर दहा ओळी लिहायला सांगितल्या असत्या, आणि मग वही तपासायला घेतली असती, तर तो प्रसंग मला पडद्यावर बघायला आवडला असता.