पाठांतर आणि तालीम : भौतिकोपचाराच्या प्रात्यक्षिक परीक्षेची एक मीमांसा

१

भौतिकोपचाराच्या शिक्षणक्रमात प्रात्यक्षिक परीक्षेचे महत्त्व कोणी नाकारीत नाही. विद्यार्थ्याला काय ठाऊक आहे ते लेखी परीक्षेत कळते; ते ज्ञान त्याच्या हातात उतरले आहे की नाही, हे मात्र रुग्णाच्या खाटेजवळच कळावयाचे. ही परीक्षा हाताची मानली गेल्यामुळे भाषेच्या अभ्यासकाने तिच्याकडे वळण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न सहज उद्भवेल. परंतु थोड्या बारकाईने पाहिले असता असे दिसते की, हाताची ही परीक्षा प्रत्यक्षात बोलण्यातून पार पडते. विद्यार्थी रुग्णाला आपले नाव सांगतो, संमती मागतो, तक्रार विचारतो, हालचालीच्या आज्ञा देतो, वेदनेविषयी प्रश्न करतो आणि अखेर परीक्षकापुढे निष्कर्ष मांडतो. या प्रत्येक टप्प्यावर हाताने जे करावयाचे ते आधीच्या उत्तरावर अवलंबून असते. उत्तर नीट ऐकले गेले नाही, तर हातही चुकतो. यास्तव या परीक्षेच्या पूर्वतयारीत विद्यार्थी भाषेचे नेमके काय करतो, हा गंभीर विचाराचा विषय ठरतो.

ही तयारी आज बव्हंशी पाठांतराच्या मार्गाने चालते. चाचण्यांची नावे, त्यांचे क्रम, संमतीची वाक्ये आणि सुरक्षिततेच्या सूचना विद्यार्थी घोकतात. पाठांतराला नावे ठेवणे सोपे आहे. पण ते येथे का रुजले, हे समजून घेतल्यावाचून केलेली टीका न्याय्य होणार नाही.

२

जुन्या पद्धतीत विद्यार्थ्याला एक रुग्ण दिला जाई, ठरावीक वेळात त्याची तपासणी करावयास सांगितले जाई आणि मग परीक्षक त्याला प्रश्न विचारीत. तिचा दोष उघड होता. एकाच्या वाट्याला शांत, स्पष्ट बोलणारा रुग्ण येई. दुसऱ्याच्या वाट्याला वेदनेने त्रासलेला. एक परीक्षक उदार, तर दुसरा कठोर. या दैवाधीनतेला आळा घालण्यासाठी स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एक वस्तुनिष्ठ, सुघटित पद्धत मांडली. परीक्षेची लहान लहान स्थानके करावयाची, प्रत्येक विद्यार्थ्याने ठरलेल्या वेळात प्रत्येक स्थानकावरून जावयाचे आणि आधी सिद्ध केलेल्या तपासणीसूचीवर गुण द्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. तत्पूर्वी १९६३ मध्ये लॉस एंजेलिस येथे हॉवर्ड बॅरोज यांनी निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून अध्यापनात आणले होते. १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी कौशल्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : ठाऊक असणे, कसे करावे ते ठाऊक असणे, करून दाखविणे आणि प्रत्यक्ष व्यवहारात करणे. परीक्षेत विद्यार्थी तिसऱ्या पायरीवर असतो. रुग्णालयात त्याला चौथी चढावयाची असते.

स्थानकांच्या पद्धतीने परीक्षेत न्याय आणला, हे तिचे मोठे श्रेय आहे. तपासणीसूचीमुळे परीक्षकाच्या लहरीला लगाम बसला. पण जे सूचीत उतरविता येते तेच घोकले जाते, हा तिचा दुसरा परिणाम. ‘संमती घेतली’ अशी ओळ सूचीत असली, की संमतीचे वाक्य उच्चारणे एवढेच विद्यार्थ्याचे कर्तव्य उरते. जेथे स्थानके नसून जुन्याच पद्धतीने एक रुग्ण आणि तोंडी परीक्षा असते, तेथेही विद्यार्थी मनात अशीच एक सूची बाळगून येतो. म्हणून दोष एका पद्धतीचा नसून तयारीच्या वळणाचा आहे.

३

अर्धांगवायूच्या रुग्णाला खाटेवरून चाकांच्या खुर्चीत बसविणे, हा प्रात्यक्षिकातील एक नेहमीचा विषय आहे. त्याचा क्रम प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो : खुर्ची रुग्णाच्या बलवान बाजूस किंचित तिरपी लावणे, चाकांचे अटकाव घट्ट करणे, पाय ठेवण्याच्या पट्ट्या दूर सारणे, रुग्णाचे दोन्ही तळवे जमिनीवर टेकविणे, त्याला पुढे झुकविणे आणि मग उठविणे. आरंभी विद्यार्थी म्हणतो, “मी तुम्हाला आता खुर्चीत बसवणार आहे, चालेल ना?” रुग्ण म्हणतो, “हो.” सूचीवर खूण होते.

या ‘हो’चा अर्थ काय, हे कोणत्या बाजूचा अर्धांगवायू आहे यावर अवलंबून असते. उजवी बाजू लुळी पडली असेल तर मेंदूच्या डाव्या भागास इजा झालेली असते आणि अशा रुग्णांपैकी अनेकांना वाचाघात होतो. त्यातील काहींना बोललेले कळत नाही, पण ‘हो’ हा एक शब्द तोंडात राहिलेला असतो आणि तो प्रत्येक प्रश्नाला येतो. याउलट डावी बाजू लुळी असेल तर वाचा बहुधा शाबूत असते; मात्र काही रुग्णांचे आपल्या डाव्या अंगाकडे भानच नसते. असा रुग्ण समजूतदारपणे ‘हो’ म्हणतो आणि त्याचा डावा पाय मुरगळलेल्या स्थितीत तसाच राहतो. पहिल्या रुग्णाला वाक्याऐवजी खूण करून दाखवावी लागेल आणि तो प्रतिसाद देतो का ते पाहावे लागेल. दुसऱ्याच्या ‘हो’वर न विसंबता त्याचा पाय स्वतः पाहून जागेवर ठेवावा लागेल. पाठ केलेले वाक्य दोन्ही ठिकाणी एकच आहे, उत्तरही एकच आहे. पुढची कृती मात्र भिन्न असावयास हवी. केवळ घोकून आलेला विद्यार्थी दोन्ही ठिकाणी एकच कृती करतो आणि रुग्ण पडण्याचा धोका तेथे उत्पन्न होतो.

४

वेदनेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. कंबरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्यात रुग्णाला उताणे निजवून गुडघा ताठ ठेवून पाय उचलण्याची चाचणी करतात. विद्यार्थी पाय उचलतो आणि विचारतो, “दुखतं?” रुग्ण म्हणतो, “हो.” चाचणी सकारात्मक, असे परीक्षकास सांगितले जाते. वस्तुतः मराठी रुग्णाला बोलू दिले तर तो केवळ ‘दुखतं’ म्हणून थांबत नाही. एक म्हणतो, “मांडीच्या मागं ओढ बसते.” दुसरा म्हणतो, “कळ पार पोटरीत उतरते.” ओढ बहुधा मांडीच्या ताणलेल्या स्नायूची असते, नेहमीचे दुखणे गुडघ्याखाली कळ होऊन उतरते तेव्हा मज्जातंतूच्या मुळाचा संशय घ्यावा लागतो. आणि या शब्दावरच हाताची पुढची हालचाल ठरते : पाय किंचित खाली आणून पाऊल वर वळवावयाचे आणि तीच कळ पुन्हा येते का ते पाहावयाचे. विद्यार्थ्याने ‘ओढ’ आणि ‘कळ’ या दोहोंना ‘दुखणे’ या एकाच पोत्यात भरले, तर निदानाचा धागाच हरवतो.

वेदनेच्या शब्दांना हे मोल आहे, हे पाश्चात्त्य वैद्यकानेही ओळखले. हार्डन यांची परीक्षापद्धत प्रसिद्ध झाली त्याच १९७५ मध्ये कॅनडातील रोनाल्ड मेल्झॅक यांनी मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत रुग्ण वापरतात असे ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. एकाच वर्षी एका विद्वानाने परीक्षकाचा निर्णय मोजता येईल असा केला आणि दुसऱ्याने रुग्णाचा शब्द मोजण्याजोगा मानला. विद्यार्थ्यांच्या तयारीत पहिल्याचा वारसा भक्कमपणे उतरला. दुसऱ्याचा तितकासा उतरला नाही. ठणका, सल, चमक, जळजळ, मुंग्या, बधिरपणा, अवघडणे, जड पडणे असा मराठीचा वेदनाकोश घरोघर बोलला जातो. पाठ्यपुस्तके मात्र इंग्रजीत असल्याने परीक्षेच्या खोलीत तो विद्यार्थ्याच्या कानावरून निसटतो.

याहून गंभीर अशी एक जागा आहे. पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आला, तर बसावयाच्या जागेची संवेदना जाते आणि लघवी अडते. अशा रुग्णाला व्यायाम न देता तातडीने शल्यचिकित्सकाकडे पाठवावे लागते. हा प्रश्न विचारलाच पाहिजे, हे विद्यार्थ्याला पाठ असते आणि तो विचारतोही : “मूत्रविसर्जनात काही अडथळा? त्या भागात सेन्सेशन कमी आहे का?” रुग्णाला प्रश्न कळत नाही, त्यातून लाज वाटते, आणि तो “नाही” म्हणतो. सूचीवर खूण होते आणि ‘नाही’ हा निष्कर्ष म्हणून नोंदला जातो. “बसताना खालची जागा बधीर लागते का? लघवी तुंबते का, की नकळत होते?” असे विचारले असते, तर कदाचित वेगळे उत्तर आले असते. न कळलेल्या प्रश्नाचे ‘नाही’ हे उत्तर नव्हे. आणि ते उत्तर मानण्याची सवय परीक्षेच्या खोलीतच लागते, ही येथील खरी चिंतेची बाब आहे.

स्नायूचे बल मोजतानाही हीच अडचण येते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या ० ते ५ या श्रेणीत ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल आणि ४ म्हणजे त्यावर काही प्रतिकारही सोसण्याची शक्ती. आकडा निर्विकार दिसतो. परंतु तो मिळतो आज्ञेतून. “रेझिस्ट करा” या आज्ञेपुढे गोंधळलेल्या रुग्णाचा पाय खाली येतो आणि दुबळेपणाची नोंद होते. “पाय असाच धरून ठेवा, मी दाबले तरी हलू देऊ नका,” असे सांगितले की तोच पाय टिकतो. आज्ञा हा मापनाचाच भाग आहे.

५

प्रात्यक्षिक परीक्षा विद्यार्थ्याला नट बनविते, असा आक्षेप कित्येकदा घेतला जातो. या आक्षेपात नाट्यकलेविषयीचे अज्ञान अधिक आहे. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. पांढरा अंगरखा आणि हातातील कोनमापक हे आहार्य, सफाईने केलेली हालचाल हे आंगिक, संमतीचे वाक्य हे वाचिक. घोकून केलेल्या तयारीत हे तिन्ही असतात. चित्ताच्या एकाग्रतेतून येणारे सात्त्विक तेवढे नसते. समोरच्या पात्राचे वाक्य न ऐकता आपले वाक्य म्हणणारा नट रंगभूमीवरही वाईटच ठरतो. तेव्हा विद्यार्थी नट होतो ही तक्रार नसावी. तो अर्धाच नट होतो, ही असावी.

मराठी रंगभूमीने या संदर्भात एक उपयुक्त भेद केलेला आहे. संहिता पाठ करणे वेगळे आणि तालीम वेगळी. पाठांतर एकट्याने होते. तालमीला दुसरा माणूस लागतो. कुस्तीच्या आखाड्यालाही आपण तालीमच म्हणतो. तेथे डावांची नावे पाठ असून भागत नाही; जोडीदाराचे वजन कोणीकडे झुकते ते अंगाला कळावे लागते. भौतिकोपचाराच्या परीक्षेची तयारी या दोन्ही अर्थांनी तालीम असली पाहिजे.

तिचे स्वरूप अवघड नाही. तिघांनी मिळून सराव करावा : एक उपचारक, एक रुग्ण, एक परीक्षक. रुग्ण झालेल्याने प्रत्येक वेळी एक गोष्ट न सांगता बदलावी. एकदा प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणावे, एकदा डावा पाय विसरावा, एकदा कळ ऐवजी ओढ सांगावी. परीक्षक झालेल्याने प्रश्न विचारला की नाही हे न पाहता, उत्तरानंतर हात बदलला की नाही तेवढे पाहावे. रुग्णाची भूमिका करणाऱ्याला गार हाताचा स्पर्श आणि न कळलेली आज्ञा म्हणजे काय, हेही तेव्हाच उमगते.

यावर दोन आक्षेप संभवतात. नवशिक्याला ठरीव वाक्यांचा आधार हवा, हा पहिला. तो मान्यच आहे. संहितेवाचून तालीम होत नाही, पण संहिता म्हणजे प्रयोग नव्हे. उत्तरानुसार बदललेल्या कृतीला गुण द्यावयाचे तर परीक्षकाची लहर पुन्हा शिरेल, हा दुसरा. तो अधिक वजनदार आहे. तथापि १९९८ मध्ये ग्लेन रेगेर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, तज्ज्ञ परीक्षकांनी एकूण कामगिरीवर दिलेली श्रेणी विश्वसनीयतेत तपासणीसूचीपेक्षा उणी ठरली नाही, असे आढळून आले. मात्र त्यासाठी परीक्षक खरोखर तज्ज्ञ आणि या कामी तयार केलेला असला पाहिजे. तो खर्च शिक्षणसंस्थांना टाळता येणार नाही. निदान सूचीतील ओळ तरी बदलता येईल : ‘संमती विचारली’ याऐवजी ‘संमती समजून दिली गेल्याची खात्री केली’, आणि ‘वेदनेविषयी विचारले’ याऐवजी ‘रुग्णाने वापरलेला शब्द नोंदविला’.

ही दुसरी ओळ सूचीत आली, की विद्यार्थी तीही घोकतील. पण ती पाळण्यासाठी त्यांना रुग्णाचे ऐकावेच लागेल, कारण रुग्ण कोणता शब्द वापरील हे कोणत्याही पुस्तकात आधी छापलेले नसते.